चराच्या आत

१ सप्टेंबर १९६८, रविवार

पोहोचलो एकदाचा! कर्जत स्टेशनावर उतरलो तेव्हा एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात सूक्ष्मदर्शकाची पेटी आणि काखेत प्रमोदिनीने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा, असा माझा अवतार होता. न्यायला येसाजी मुकादम बैलगाडी घेऊन आला होता. साठीचा काटक माणूस, मिशा पांढऱ्या, जीभ तिखट. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, मागचे टिपणीस सायेब बसले की गाडी करकरायची, तुमी बसलाय का नाय त्ये बैलांना कळाचं पन नाय. माणूस मला तिथल्या तिथे आवडला.

कंपनीचं रोपवन कोंडाण्याच्या डोंगराखाली आहे. अकरा वर्षांपूर्वी जंगल तोडून इथे खैर लावला, पुढेमागे कात काढायचा म्हणून. आता झाडं वाळताहेत, आणि एकेक नव्हे, घोळक्याने. टिपणीस राजीनामा देऊन बायकोसह मुंबईला गेले असं कंपनीच्या खालापूरच्या कचेरीत मला सांगितलं. त्यानंतर वर्षभर जागा रिकामी होती. आता मी आलोय, शेतकी कॉलेजातून ताजाताजा बाहेर पडलेला, झाडांच्या मुळांचा डॉक्टर!

बंगला म्हणायचं आपलं. तीन खोल्या, वर कौलं, पुढे ओटी, मागे मोकळं परसू, आणि चारी बाजूंना खैरच खैर. सोनुबाई नावाची कोंडाण्याची बाई सकाळी येऊन स्वयंपाक करणार आणि उन्हं उतरायच्या आत परतणार. प्रमोदिनीची कल्याणची शाळा आहे, तेव्हा ती दिवाळीनंतरच येईल. तोवर भिंतींना चुना लावून घ्यायचा, परसात अबोली लावायची. तिची मावशी जवळच लोधिवलीला असते, त्यामुळे तिला परक्या मुलखात आल्यासारखं वाटायला नको. लग्नाला पाच महिने झाले आणि अजून आम्ही दोघं स्वतःच्या अशा एका छपराखाली राहिलेलो नाही.

संध्याकाळी बंगल्याभोवती सात फेऱ्या मारल्या. माझ्या पायाला भिंगरी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी दात घासतो तेही चालत. येसाजी ओटीवरून बघत होता. मला वाटलं हसेल, पण तो म्हणाला, ब्येस हाय. असंच चालत ऱ्हावा.

३ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस पायपीट. सहा जागी रोग आहे. टिपणीसांनी नकाशावर तांबड्या पेन्सिलीने गोल काढून त्यांना आकडे दिले होते. नकाशाचा एक कोपरा मात्र उंदरांनी कुरतडलाय.

रोग साधा आहे आणि म्हणूनच लबाड आहे. जंगल तोडलं तेव्हा जुन्या झाडांचे खुंट जमिनीतच सोडले. त्या खुंटांच्या मुळांत बुरशी होती. तिला ना वारा लागतो, ना पाणी. शेजारच्या झाडाचं मूळ खुंटाच्या मुळाला टेकलं की ती त्यात शिरते, त्या झाडातून पुढच्यात. वर पान हिरवंगार, आणि खाली मुळं कुजून कापसासारखी पांढरी झालेली. बुंध्याशी लाखेसारखं चकचकीत तांबूस अळंबं दिसायला लागलं की समजायचं, फार उशीर झाला.

इलाज एकच. रोगट घोळक्याभोवती दोन फूट रुंद, चार फूट खोल चर खणायचा म्हणजे मुळांची गाठभेट तुटते. आतली झाडं तोडायची, खुंट मुळांसकट उपटायचे, जागेवरच जाळायचे आणि चरात चुना भुरभुरायचा. मुख्य म्हणजे चर रोगट झाडाला लागून खणायचा नाही. त्याच्या पुढच्या दोन धडधाकट रांगा आत धरून मग खणायचा. दिसायला चांगली झाडं बळी जातात, पण नाइलाज आहे.

हे मी गड्यांना समजावून सांगितलं. चांगो म्हणून एक उमदा गडी आहे, सगळ्यांत चलाख आणि सगळ्यांत बडबड्या. तो म्हणाला, सायेब, चांगल्या झाडानं काय घोडं मारलंय? मी म्हटलं, बाबा, वरून चांगलं दिसतंय, खाली त्याने रोग्याचा हात धरलाय की नाही ते तुला-मला दिसत नाही. यावर सगळ्यांनी येसाजीकडे पाहिलं. येसाजी म्हणाला, ह्ये आमाला ठावं हाय.

एक गंमत. ही माणसं एका जागी उभी राहत नाहीत. माझं ऐकतानाही सगळे या पायावरून त्या पायावर होत होते, नाहीतर दगडावर चढून बसत होते. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जातीची माणसं भेटली.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला चर पुरा झाला. आतल्या बत्तीस झाडांपैकी एकवीस रोगट निघाली आणि अकरा निरोगी. त्या अकरांचं मला वाईट वाटलं, चांगोला तर फारच. प्रत्येक निरोगी मूळ वर काढून तो मला दाखवत होता आणि सायेब, बघा, ह्ये तर पोरगं व्हतं, असं म्हणत होता.

येसाजीला विचारलं की तुम्ही सगळे असे थयथय का नाचता. तो म्हणाला, हिथं अनवानी उभं ऱ्हायाचं नाय. उभा ऱ्हायला त्याला मूळ फुटतंय. मी खो खो हसलो. प्रमोदिनीला पत्रात कळवलं की तुझ्या नवऱ्याला इथे मूळ फुटण्याची सुतराम शक्यता नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज एक विचित्र प्रकार झाला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, सगळे वर आले आणि चांगो खालीच राहिला. दुसऱ्या चरातल्या मोठ्या खुंटाचा खड्डा होता. तो खड्ड्यात उभा, मूळ दोन्ही हातांत धरलेलं, तोंडावर हसू. मी हाक मारली तर म्हणाला, येतू. पण येईना. असा अर्धा तास गेला असेल. येसाजी वरून शिव्या घालत होता, पण उतरत कुणीच नव्हतं.

शेवटी मीच उडी मारली आणि त्याचा हात धरून ओढलं. पाय मातीतून निघाले तेव्हा भिजवलेल्या पिठातून हात काढताना होतो तसा आवाज आला. तळवे पांढरे पडले होते. पाण्यात फार वेळ राहिल्यावर पडतात तसेच, असं मी म्हणालो. पण खड्ड्यात पाणी नव्हतं.

चांगो म्हणाला, कशाला काढलंत सायेब. लय ग्वाड वाटत व्हतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज मी भयंकर संतापलोय. चांगो चार दिवस कामावर आला नाही म्हणून त्याच्या झोपडीवर गेलो, तर झोपडीभोवती चर! दोन फूट रुंद, चार फूट खोल, चुना भुरभुरलेला, अगदी मी शिकवला तसा. त्याची बायको हिरू पोरांना घेऊन बापाकडे गेलेली. भाकरी पत्रावळीवर घालून लांब बांबूने आत ढकलायची आणि पत्रावळ परत घ्यायची नाही. शेजारची एक रिकामी झोपडीही चराच्या आत घेतली होती.

मी येसाजीला नाही नाही ते बोललो. म्हटलं, हा झाडाचा रोग आहे, माणसाचा नव्हे. माणसाला वाळीत टाकायला माझी विद्या वापरू नका. तो खाली मान घालून, या पायावरून त्या पायावर होत ऐकत राहिला. मग म्हणाला, तुमची न्हवं सायेब. ह्यी आमची लय जुनी.

सगळ्यांदेखत मी चर ओलांडला. चांगो दारात उभा होता. डोक्यावरचे केस विरळ झालेत, कातडी पिवळी पडलीय. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि बराच वेळ बोलत राहिलो, ओल्या मातीत, बूट बाहेर काढून ठेवून, कारण झोपडी सारवलेली होती. त्याने माझे हात सोडायला फार वेळ घेतला.

परत येताना माझ्या वाटेतून गडी बाजूला होत होते. होऊ देत! अडाणी कुठले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

नव्या बुटांनी टाचा सोलल्या, म्हणून गेले चार दिवस परसात अनवाणी फिरतो. आणि काय सांगू, हल्ली एक नवाच सोहळा सुरू आहे. सकाळी चहा घेऊन परसाच्या मधोमध उभा राहतो. नुसता उभा! पहिल्या दिवशी चहा गार झाला तरी कळलं नाही. आज सोनुबाईने भांडं आपटलं तेव्हा बघितलं, ऊन डोक्यावर आलं होतं. सत्तावीस वर्षं जे पाय मला कुठेच टिकू देत नव्हते ते एकाएकी शहाणे झालेत. तळव्यांतून वर गोड गारवा चढतो आणि डोक्यातली सगळी वळवळ थांबते. सुख म्हणतात ते हेच असणार.

एकच उणीव आहे, ती म्हणजे प्रमोदिनी इथे नाही. आज तिला लिहिलं की दिवाळीनंतर कशाला, शाळेला सुट्टी लागली की बारा तारखेला थेट इकडेच ये. परसात आपण दोघं उभे राहू. पत्र वाचून पाहिलं तर ‘ये’ हा शब्द नऊ वेळा आला होता. मला माझंच हसू आलं. पोस्टमनने पत्र नेलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

चांगो गेला. येसाजी सांगत होता, उभाच गेला. पडला तेव्हा वरून सगळं शाबूत होतं आणि खाली घोट्यांपाशी काहीच राहिलं नव्हतं.

मला नीट रडताही आलं नाही. परसात गेलो आणि येरझारा घालायचं ठरवलं, पण दोन फेऱ्यांत थांबलो. सोनुबाई ओरडली, सायेब, पाय! खैराचा काटा डाव्या तळव्यात घुसून अख्खा आत गेला होता. मला जाणवलाच नव्हता. चिमट्याने काढला. रक्त आलं नाही.

दिव्याजवळ धरून पाय पाहिला. बोटांच्या मध्ये पांढरे धागे आहेत. घासून काढले. मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवले. जळजळायला हवं होतं.

मी घाबरलेलो नाही. उद्या साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघेन.

२८ सप्टेंबर, शनिवार

बघितलं. तीच बुरशी. तशाच गाठी, तेच धागे. चार वेळा काच बदलून बघितलं.

३० सप्टेंबर, सोमवार

अंथरुणात पडल्या पडल्या विचार केला. रोगाच्या प्रत्येक घोळक्याला एक मध्य असतो. मध्याशी खुंट. मला रोग परसात चढला असेल तर मध्य परसात आहे. आणि नकाशावर सहा गोल आहेत खरे, पण टिपणीसांनी नोंदवहीत सात लिहिलेत. सातवा गोल कुरतडलेल्या कोपऱ्यात, आणि बंगला त्याच कोपऱ्यात येतो. बाहेर जाऊन पाहिलं. बंगल्याभोवती, दोन रांगा सोडून, जमीन वाटोळी खचलेली आहे. तिथे गवत वेगळं आहे. हा बुजवलेला चर.

सकाळी कुदळ घेऊन मीच खणायला लागलो, जिथे रोज उभा राहतो तिथेच. येसाजी धावत आला. नगं सायेब, नगं, असं म्हणत राहिला, पण हात लावून थांबवलं नाही.

अर्ध्या फुटावर लागलं. खुंट नव्हते. पाय होते.

गुडघ्यांखालची हाडं, मातीत उभी, पांढऱ्या जाळ्यात गुंडाळलेली. वर गुडघ्याशी कोयत्याने तोडल्याच्या खुणा. खैराची मुळं चहूकडून त्यांच्याकडे आलेली. एक जोड मोठी, एक लहान. समोरासमोर, बोटांना बोटं टेकलेली. लहान पायाच्या बोटात जोडवी होती.

१ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

येसाजीने सगळं सांगितलं. खुंटावर बसून, पाय वर घेऊन.

आधी टिपणीसांना लागलं. गड्यांनी बंगल्याभोवती चर खणला. टिपणीसांनीच दोन रांगा मोजून दिल्या. मग त्यांची बायको आली. नवऱ्याला जेवायला वाढायला कुणी नाही, हे काय माणुसकीचं लक्षण झालं, असं म्हणाली आणि चर ओलांडून गेली. महिनाभराने दोघंही परसात सापडले, एकमेकांचे हात धरून उभे, गुडघ्यांपर्यंत मातीत रुतलेले, जीव नसलेले. गड्यांनी गुडघ्यांपाशी तोडून रीतसर अग्नी दिला. पाय मात्र उपटवेनात. मानसाला मुळासकट कसं उपटायचं सायेब, बाईमानूस व्हती, असं म्हणताना म्हातारा रडायला लागला. म्हणून खुंट तसेच राहिले, वर माती लोटली. त्यांनी कचेरीला सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं, पण वेडे म्हणून त्यांना हाकललं. मग कंपनीची जीप दारापर्यंत यावी म्हणून चर बुजवला गेला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, सांगितलं की. तुमी हसला.

ते हसणं आता माझ्या कानांत वाजतंय. आणि त्याहून वाईट म्हणजे ते पत्र. नऊ वेळा लिहिलं, ये. लिहिताना ते माझंच मन आहे असं वाटत होतं. झाडाचं मूळ दुसऱ्या मुळाकडे जातं तेव्हा त्यालाही असंच वाटत असेल का!

मी येसाजीला म्हटलं, चर खणा. दोन रांगा आत धरा. तो म्हणाला, व्हय.

पळून जाता येईल. स्टेशन दोन तासांवर आहे. पण मी पळालो तर कुठे जाणार ते मला पक्कं माहीत आहे. मी कल्याणलाच जाणार.

४ ऑक्टोबर

चर पुरा झाला. आतली हाडं मी खणून काढली आणि जाळली. त्या बाईंचीही. जोडवी तेवढी चराच्या काठावर ठेवली, येसाजीने बांबूने ओढून घेतली.

थांबलो की चढतं, म्हणून चालतोय. वही सुतळीने गळ्यात अडकवली आहे, चालता चालता लिहितो, अक्षराला हसू नये. बाजेवर निजतो, पाय उशीवर ठेवून. जाग येते तेव्हा पाय खाली, जमिनीवर.

प्रमोदिनीला पत्र लिहिलं. येऊ नकोस. पोस्टमन काठावर उभा राहिला, पण कागद घेतला नाही. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. बरोबर आहे त्याचं. नियम माझाच आहे. मग ओरडून मजकूर सांगितला, तारेने पाठव म्हटलं. त्याने मान हलवली आणि निघून गेला. ऐकू गेलं का?

७ ऑक्टोबर

उत्तर नाही. येसाजीलाही कर्जतला तार करायला धाडलं, पत्ता लांबून ओरडून सांगितला; पोचली असती तर उत्तर आलं असतं. की रागावली?

बूट घालून बघितले. दुपारपर्यंत तळ फुटून धागे बाहेर—

डोळ्यांपुढे सारखी दोन पावलं येतात. बोटांना बोटं टेकलेली. लहान पावलं प्रमोदिनीची.

मी भयंकर भितो आहे. मरणाला नव्हे. तिला बघून मला होणाऱ्या आनंदाला.

९ ऑक्टोबर

केस मूठभर गळाले. चालतोय. सकाळपासून चालतोय. वाट पडली आहे, ओटी, विहीर, परसाच्या कडेने, पुन्हा ओटी. परसाच्या मधे जायचं नाही.

येसाजीला काठावर बोलावून सांगितलं. टिपणीसांच्या वेळी केलंत ती चूक करू नका. मला मुळासकट उपटा. खुंट ठेवू नका. तो हो म्हणेना. शपथ घ्या म्हटलं. शेवटी म्हणाला, सायेब, तुमी माजं पोरगंच की. पोराला कसं— मी म्हटलं, तसंच.

११ ऑक्टोबर

उद्या बारा. येसाजी कर्जत स्टेशनावर जाणार. पहिल्या गाडीपासून बसणार, प्रत्येक गाडी बघणार. तिचा फोटो त्याला लांबूनच दाखवला. निळी साडी, उजव्या गालावर तीळ. म्हणाला, वळखीन. पाया पडून परत धाडीन.

तो म्हणाला तर झालंच. आज जरा—

नाही. थांबलो होतो. किती वेळ ते कळलं नाही. चहाचा पेला हातात, गार.

१२ ऑक्टोबर, सकाळ

चालतोय. ती गाडीत बसली असेल. येसाजी स्टेशनावर. सगळं ठीक होईल. परत जाईल, रागावेल, रडेल, जगेल.

जगेल.

१२ ऑक्टोबर, दुपार

सोनुबाई चराबाहेरून ओरडतेय. काठावर कुणीतरी

प्रमोदिनी. कर्जतहून नाही, लोधिवलीहून, काल मावशीकडे उतरली, आज चौक गावावरून एसटीने. येसाजी तिकडे स्टेशनावर बसलाय आणि ती इथे, हातात पिशवी, हसतेय—

मी ओरडलो, येऊ नकोस. सोनुबाई हात जोडतेय तिला, आत जाऊ नगो गं बाय. ती विचारते, काय झालंय यांना. कुणी नीट सांगत का नाही.

वाईट वाईट बोललो. तू मला नको आहेस. लग्न करून पस्तावलो. दुसरी आहे म्हटलं. तोंडाला येईल ते. देवा, ती सगळं ऐकत उभी राहिली, रडलीसुद्धा नाही. म्हणाली, अहो, किती वाळलात. कुणी जेवायला घालतं की नाही तुम्हाला.

चपला काढतेय. घरात शिरताना काढतात तशा. चराच्या काठावर जोडीने ठेवल्या. सोनुबाईने पदर धरला, हिने सोडवला, उतरतेय, माती निसरडी आहे, सांभाळ— नको! सांभाळू नकोस, मागे जा, प्रमोदिनी मागे जा

वर आली. अनवाणी.

पळायला हवं. विहिरीकडून डोंगराच्या बाजूला. ती धावणार नाही, तिला धावता येत नाही, मी सहज

हे एवढं सगळं मी उभ्यानं लिहिलं. कधीपासून उभा आहे. पाय उचल. उचल रे. परसाच्या मधे कसा

गोड लागतंय

नको येऊस असं ओरडतोय आणि तिला काय ऐकू येतंय ठाऊक नाही कारण ती मान डोलावतेय, आले हो, आले म्हणतेय, दोन्ही हात पुढे करून, आणि माझा डावा हात पुढे गेलाच आहे, हा एक उरलाय, जोवर लिहितोय तोवर हा माझा आहे, तोवर हा तिच्याक—